यंत्र वाचवायचं की नोंदी?

सर्व्हर बंद पडला की रुग्णालयातली नोंदणीची खिडकी थांबते, पतसंस्थेत पासबुक भरून मिळत नाही, साखर कारखान्याच्या वजनकाट्यापुढे उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागते. असा दिवस उजाडलाच तर हाताशी काय असावं, यावर संगणक सांभाळणाऱ्यांमध्ये दोन मतं आहेत. एक मत असं, की अख्ख्या डिस्कची हुबेहूब प्रत, म्हणजे इमेज, रोज घ्यावी आणि वेळ आली की ती दुसऱ्या यंत्रावर उतरवावी. दुसरं मत असं, की जपायचा तो फक्त डेटा. यंत्र उभारण्याची कृती लिहून ठेवावी आणि गरज पडेल तेव्हा कोऱ्या यंत्रापासून सुरुवात करावी.

खालच्या संवादातली आत्या पहिल्या मताची आहे. जिल्ह्याच्या गावातल्या लहान संस्थांचे सर्व्हर ती अनेक वर्षं सांभाळते. भाचा दुसऱ्या मताचा, पुण्यात क्लाउडवर काम करणारा. ही दोघं कल्पित आहेत. त्यांच्या बोलण्यात आलेल्या मोठ्या दुर्घटना मात्र खऱ्या आहेत.

भाचा : आत्या, तू अजूनही रोज रात्री प्रत्येक सर्व्हरची इमेज घेतेस?

आत्या : घेते. आठवड्यातून एकदा पूर्ण, बाकीच्या रात्री फक्त बदललेले भाग.

भाचा : पण त्यातला केवढा तरी भाग विंडोजचा आणि तिच्या अपडेट्सचा. तो कुठूनही पुन्हा मिळतो. संस्थेचं स्वतःचं म्हणावं असं सर्व्हरवर एकच असतं, डेटाबेस. तो नीट जपला की पुरे. बाकी यंत्र स्क्रिप्ट चालवून मी तासाभरात नवं बांधतो.

आत्या : तुला जमतं, कारण तुझं यंत्र पहिल्या दिवसापासून स्क्रिप्टनेच बांधलेलं आहे. एखाद्या पतसंस्थेचा सर्व्हर डोळ्यांपुढे आण. रात्री व्याजाची आकारणी करणारं एक ठरलेलं काम त्यात आहे. एसएमएस पाठवणाऱ्या सेवेचं सर्टिफिकेट आहे. पासबुक छापणाऱ्या प्रिंटरचा जुना ड्रायव्हर आहे, युनिकोडच्या आधीचे मराठी फॉन्ट आहेत, कोणत्या शाखेने कोणतं फोल्डर उघडायचं याच्या परवानग्या आहेत आणि रजिस्ट्रीत शेकडो बारीकसारीक नोंदी आहेत. हे सगळं ज्या मुलाने बसवलं तो केव्हाच दुसरीकडे गेला. सॉफ्टवेअर लिहिणारी कंपनी बंद झाली. सेटअपची सीडी सापडत नाही. उद्या डिस्क जळाली आणि माझ्याकडे नुसता डेटाबेस असला, तर सगळ्या ठेवी नि कर्जं माझ्या हातात असतील, पण ती उघडून दाखवणारं काहीच नसेल.

भाचा : मग फोल्डरही कॉपी कर. प्रोग्रामचे, फॉन्टचे, सगळे.

आत्या : कोणते फोल्डर घ्यायचे हे आधी ठाऊक असावं लागतं. माणूस जे विसरतो ते नेमकं यादीबाहेर राहतं. शिवाय यंत्र सुरू होताना लागणारा डिस्कच्या सुरुवातीचा भाग, डिस्कचे भाग कसे पाडलेत याचा तक्ता, चालू असल्यामुळे कुलूपबंद असलेल्या फायली, यांतलं काहीच साध्या कॉपीत येत नाही. इमेज घेणारं सॉफ्टवेअर फायलींच्या नावांकडे बघतच नाही. ते फाइल सिस्टिमच्या खाली उतरतं आणि डिस्कवरचे ठोकळे क्रमाने वाचतं. म्हणून कोणालाही न आठवलेली गोष्टसुद्धा त्यात येते.

भाचा : मला हेच खटकतं. कोणालाही न कळलेलं सगळं जसंच्या तसं पुढच्या यंत्रावर जातं. वर्षानुवर्षं कुणी ना कुणी लॉगिन करून काही बदललं, कुठे लिहून ठेवलं नाही, आणि तू ते अज्ञान रोज रात्री जपून ठेवतेस. कोऱ्या यंत्रापासून सुरुवात करायची सक्ती असेल तर प्रत्येक बदल लिहावाच लागतो.

आत्या : लिहायला हवंच, यात वाद नाही. पण अज्ञान इमेजमुळे आलेलं नाही, ते आधीपासून आहे. सगळं लिहून होईपर्यंत संस्था उघडी कशी ठेवायची, हा माझा प्रश्न आहे.

भाचा : बरं, मग साधनाबद्दल बोलू. चालू सर्व्हरची इमेज घेतेस म्हणजे नेमकं काय पकडतेस? मी वाचायला सुरुवात केली तेव्हा डेटाबेस एका अवस्थेत होता, वाचून संपेपर्यंत दुसऱ्या. अर्धं आधीचं, अर्धं नंतरचं.

आत्या : जुनी साधनं वापरताना यंत्र बंदच करावं लागे. युनिक्समध्ये डीडी ही आज्ञा सत्तरच्या दशकापासून आहे. ती दाखवलेली डिस्क पहिल्या बाइटपासून शेवटच्या बाइटपर्यंत उतरवून घेते, रिकामी जागासुद्धा. नव्वदच्या दशकात न्यूझीलंडमध्ये मरे हझार्ड यांनी घोस्ट लिहिलं. त्याला फाइल सिस्टिम समजत होती, त्यामुळे वापरलेला भागच उचलता येऊ लागला. १९९८ मध्ये सिमँटेकने ते विकत घेतलं आणि कितीतरी कॉलेजांच्या प्रयोगशाळांत एका यंत्रावरून चाळीस यंत्रं तयार होऊ लागली. तैवानमध्ये तयार झालेलं क्लोनझिला आजही फुकट मिळतं आणि तेच काम करतं. या सगळ्यांत सर्व्हर मात्र काम सोडून बसायचा.

भाचा : आणि चालू सर्व्हरसाठी शॅडो कॉपी.

आत्या : हो. विंडोज एक्सपी आणि सर्व्हर २००३ पासून ती सोय आली. इमेज सुरू झाल्याचा क्षण धरून ठेवायचा आणि त्यानंतर एखादा ठोकळा बदलायला निघाला की त्याचा जुना मजकूर आधी बाजूला ठेवायचा. इमेजला जुना दिसतो, वापरणाऱ्याला नवा. लिनक्सवर एलव्हीएमचा स्नॅपशॉट हेच करतो. तुझी शंका मात्र इथेही उरते. डेटाबेसला न विचारता क्षण पकडला, तर वीज अचानक गेल्यावर डिस्क जशी सापडेल तशी ती इमेजमध्ये सापडते. डेटाबेस बहुधा स्वतःला सावरतो. बहुधा या शब्दावर मी लोकांच्या ठेवी सोडत नाही. म्हणून क्षण पकडण्याआधी डेटाबेसला काही सेकंद लिहिणं थांबवायला सांगतात. एसक्यूएल सर्व्हरमध्ये त्यासाठी वेगळी सेवा असते आणि ती अपयशी ठरली तर लॉगमध्ये तशी ओळ येते. ती ओळ सकाळी कोणीतरी वाचली पाहिजे.

भाचा : तरीही इमेज रात्रीची. दुपारी चार वाजता डिस्क गेली तर दिवसभरातला भरणा गेला.

आत्या : तिथे तुझी पद्धत हवीच. डेटाबेसचा व्यवहार-लॉग दर पंधरा मिनिटांनी वेगळा घ्यायचा. आधी इमेज उतरवायची, मग त्यावर लॉग चढवत पावणेचारपर्यंत यायचं. एकच पथ्य पाळायचं. लॉग कापायचं काम एकाच साधनाकडे ठेवायचं. इमेजचं सॉफ्टवेअर आणि डेटाबेसचं स्वतःचं वेळापत्रक, दोघांनीही लॉग कापायला घेतला की साखळी तुटते आणि ते कळतं परत उभारताना.

भाचा : म्हणजे नोंदींसाठी तू माझ्यावरच येऊन थांबलीस.

आत्या : नोंदींसाठी थांबलेच. यंत्रासाठी अजून नाही. वेळेचा हिशेब कर. चार टेराबाइटची इमेज एक गिगाबिटच्या तारेवरून सेकंदाला साधारण ११० मेगाबाइट या वेगाने उतरते. दहा तास लागतात. तीच क्लाउडवरून १०० मेगाबिटच्या जोडणीवर आणायची म्हटली, तर पूर्ण वेग मिळूनही जवळपास चार दिवस. दहा तास आणि चार दिवस, यातलं काय परवडेल हे संचालक मंडळाने आधी सांगायला हवं. किती वेळाचं काम गमावलं तर चालेल आणि किती वेळात पुन्हा उभं राहायचं, या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाल्याशिवाय सॉफ्टवेअर विकत घेण्यात अर्थ नाही.

भाचा : त्या दहा तासांनंतर यंत्र सुरू होईल याची खात्री? जळालेला सर्व्हर आठ वर्षांचा. तसाच आता बाजारात मिळणार नाही. नव्या यंत्रात डिस्कचा कंट्रोलर वेगळा, सुरू होण्याची पद्धत वेगळी. जुना सर्व्हर बायॉसवर चालणारा, नवा फक्त यूईएफआय जाणणारा. इमेज उतरेल आणि पहिल्याच पडद्यावर निळी चौकट येईल, की बूट होणारी डिस्क सापडत नाही.

आत्या : हा प्रसंग येतोच. म्हणून बरीच साधनं उतरवतानाच नव्या कंट्रोलरचा ड्रायव्हर आत घालू देतात, काही जुनी विभागणी नव्या पद्धतीत बदलून देतात. पण ड्रायव्हर त्या वेळी पेन ड्राइव्हवर तयार हवा. नेटवर्क कार्ड बदललं की जुना आयपी पत्ता जुन्या कार्डापाशीच अडकून राहतो. यूएसबीचं कुलूप लागणारं सॉफ्टवेअर असेल तर ते कुलूप पाण्यातून, आगीतून वाचलेलं हवं. या कारणांसाठी मी पहिली उभारणी आभासी यंत्रावर करते. तिथलं हार्डवेअर सगळीकडे सारखंच असतं आणि काही साधनं तर इमेज पूर्ण उतरण्याआधीच ती आभासी यंत्र म्हणून सुरू करतात. संस्था तेवढ्यावर दोन दिवस चालते, तोवर खरं यंत्र येतं.

भाचा : हार्डवेअर सोड. माझा मोठा आक्षेप वेगळा आहे. इमेज आजारासकट परत येते. खंडणीखोर सॉफ्टवेअर शिरल्यावर लगेच हल्ला करतंच असं नाही, कित्येकदा ते आठवडेच्या आठवडे गप्प बसतं. तुझ्या काल रात्रीच्या इमेजमध्ये ते असणार, परवाच्याही. शुद्ध डेटा कोऱ्या यंत्रावर ठेवला तर हा धोका खूप कमी होतो.

आत्या : हा आक्षेप खरा आहे आणि मी तो पूर्ण मान्य करते. संसर्ग झालेल्या यंत्राची इमेज तशीच नेटवर्कवर आणायची नाही. आधी वेगळ्या ठेवलेल्या जागी उघडायची, तपासायची, त्यातून हवं ते काढायचं. म्हणून माझ्याकडे फक्त कालची नसते, महिन्यापूर्वीची असते, तीन महिन्यांपूर्वीचीही असते. आणि इमेज ज्या डब्यावर साठते तो डबा नेहमीच्या पासवर्डाने उघडता कामा नये. हल्लेखोर आत आल्यावर सर्व्हरवरच्या शॅडो कॉपी पुसतात आणि मग बॅकअप शोधतात. तो त्याच डोमेनच्या प्रशासक खात्याने उघडत असेल, तर मूळ प्रतीबरोबर तोही गेला.

भाचा : म्हणजे सगळं एकदम जातं, न्हावा शेव्यात झालं तसं.

आत्या : ती गोष्ट पूर्ण सांगायला हवी, कारण आपल्या दोघांचे मुद्दे तिच्यात आहेत. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या नावाचं घातक सॉफ्टवेअर युक्रेनमधल्या एका लेखा-सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून सुटलं आणि मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीच्या जगभरच्या यंत्रांत पसरलं. न्हावा शेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातलं गेटवे टर्मिनल्स त्याच समूहाशी जोडलेलं, तेही थांबलं. कंपनीकडे बहुतेक सर्व्हरचे तीन ते सात दिवसांपूर्वीचे बॅकअप होते. नव्हता तो डोमेन कंट्रोलरचा. कोण कर्मचारी, कोणाला कशाची परवानगी, हे ठरवणारा हा सर्व्हर. तो नसेल तर बाकीचे उभे करूनही उपयोग नाही. असे सुमारे १५० सर्व्हर होते आणि ते एकमेकांशी सतत जुळवून घेत. एक गेला तर दुसऱ्यावरून भरून काढू, हा हिशेब होता. सगळे एकदम जातील ही शक्यता त्यात धरलेली नव्हती.

भाचा : आणि घानामधला एक वाचला.

आत्या : तिथे हल्ल्याच्या वेळी वीज गेलेली होती, म्हणून यंत्र जोडणीबाहेर होतं. तिथलं इंटरनेट इतकं मंद, की तेवढा डेटा ब्रिटनला पाठवायला दिवस लागले असते. घानातल्या कर्मचाऱ्यांकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता. एकाने हार्ड डिस्क नायजेरियात नेली, विमानतळावर दुसऱ्याच्या हाती दिली आणि ती लंडनजवळच्या मेडनहेडला पोहोचली. मग दहा दिवसांत ४,००० सर्व्हर, ४५,००० संगणक आणि २,५०० अॅप्लिकेशनं पुन्हा बसवली, असं कंपनीच्या अध्यक्षांनी जानेवारी २०१८ मध्ये दावोसला सांगितलं. नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरच्या घरात गेलं. एवढ्या मोठ्या कंपनीला पाय टेकायला जागा मिळाली ती एका डिस्कवर, आणि ती डिस्क वाचली वीज गेल्यामुळे.

भाचा : म्हणजे एकमेकांची नक्कल करणारे शंभर सर्व्हर हा बॅकअप नव्हे.

आत्या : नाही. चूकही तितक्याच वेगाने नकलली जाते. डोमेन कंट्रोलरच्या बाबतीत इमेजलाही मर्यादा आहेत. जुनी इमेज बेफिकिरीने उतरवली तर बाकीचे कंट्रोलर तिचे नवे बदल स्वीकारत नाहीत, कारण त्यांच्या नोंदीत तिचा क्रमांक आधीच पुढे गेलेला असतो. शिवाय पुसलेल्या खात्यांची आठवण नेहमीच्या मांडणीत १८० दिवसच राहते. त्याहून जुनी इमेज कामाची नाही. पण ताजी, योग्य रीतीने घेतलेली आणि जोडणीपासून तोडून ठेवलेली एक प्रत कपाटात असती, तर तो विमानप्रवास करावा लागला नसता. आधी काय उभं राहील आणि त्यानंतर काय, हा क्रम लिहून त्या क्रमातल्या पहिल्याचा बॅकअप आधी तपासायचा. हे फार थोड्या ठिकाणी होतं.

भाचा : आता माझ्या बाजूची गोष्ट मीच सांगतो. ३१ जानेवारी २०१७, गिटलॅब. आमच्या पद्धतीने काम करणारी, सगळं स्क्रिप्टमध्ये लिहिणारी कंपनी. रात्री उशिरा एका अभियंत्याने चुकीच्या सर्व्हरवर डेटाबेसचं फोल्डर पुसलं. सुमारे ३०० गिगाबाइट डेटा होता. आज्ञा थांबवेपर्यंत साडेचार उरला.

आत्या : आणि डेटाबेसचा बॅकअप?

भाचा : रोज होत होता, असं सगळे समजत होते. बॅकअपची आज्ञा पोस्टग्रेसच्या ९.२ आवृत्तीची होती, डेटाबेस ९.६ चा. त्यामुळे ती रोज अपयशी ठरत होती. अपयशाची ईमेल निघत होती, पण पलीकडचा मेल सर्व्हर ती नाकारत होता. क्लाउडमधले डिस्क स्नॅपशॉट डेटाबेसच्या सर्व्हरवर चालूच केलेले नव्हते. वाचवलं ते एका एलव्हीएम स्नॅपशॉटने. सहा तास आधी कोणीतरी चाचणीच्या कामासाठी तो हाताने घेतला होता. त्यावरून कॉपी करून परत यायला १८ तास लागले आणि मधल्या सहा तासांतली भर गेली. कंपनीने ही सगळी दुरुस्ती यूट्यूबवर थेट दाखवली आणि नंतर चुका सविस्तर लिहून जाहीर केल्या. मला त्यांच्याबद्दल आदर वाटतो तो त्यासाठी.

आत्या : म्हणजे डेटा जपणाऱ्या कंपनीला डिस्कच्या प्रतीने हात दिला, आणि सर्व्हर जपणाऱ्या कंपनीकडे नेमका नोंदींचा मूळ सर्व्हरच जपलेला नव्हता.

भाचा : दोन्हीकडे बॅकअप होता. दोन्हीकडे त्यातली उणीव कळली ती परत उभं करायची वेळ आल्यावर.

आत्या : आपला वाद मागे पडतो तो इथे. इमेज की डेटा हे ठरवण्याआधी विचारायला हवं, शेवटचं परत कधी उभं केलं होतं? आणि कुठे ठेवलं होतं? १० मार्च २०२१ ला स्ट्रासबुर्गमध्ये ओव्हीएच कंपनीचं डेटा सेंटर जळालं. एक इमारत पूर्ण गेली, शेजारच्या इमारतीलाही झळ बसली. काही ग्राहकांचा बॅकअप त्याच आवारात होता, तोही गेला. आपल्याकडे आगीइतकाच पाण्याचा विचार हवा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. २२ जुलै २०२१ ला चिपळूणच्या बाजारपेठेत वाशिष्ठीचं पाणी शिरलं. सांगलीच्या संस्थेने दुसरी प्रत कोल्हापूरच्या शाखेत ठेवली तर कागदावर ती दुसऱ्या जिल्ह्यात आहे, पण ऑगस्ट २०१९ च्या पुरात दोन्ही शहरं एकाच आठवड्यात पाण्यात होती. दूर म्हणजे त्याच पुराच्या, त्याच विजेच्या, त्याच प्रशासक पासवर्डाच्या कक्षेबाहेर.

भाचा : पीटर क्रोग या छायाचित्रकाराने मांडलेला तीन-दोन-एकचा नियम. तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक बाहेरगावी.

आत्या : आता त्यात आणखी एक जोडतात. एक प्रत अशी, जी प्रशासकालाही पुसता येत नाही. ठरावीक मुदतीपर्यंत कुलूपबंद केलेला क्लाउडचा कप्पा असेल, नाहीतर काढून कपाटात ठेवलेली टेप. टेप जुनी झाली असं लोक म्हणतात, पण फेब्रुवारी २०११ मध्ये सॉफ्टवेअरच्या दोषाने जीमेलच्या काही वापरकर्त्यांची पत्रं सगळ्या चालू प्रतींतून गेली तेव्हा गूगलने ती टेपवरूनच परत आणली. आणि एम्सचं उदाहरण जवळचं आहे. २३ नोव्हेंबर २०२२ ला दिल्लीच्या एम्समधले पाच सर्व्हर आणि सुमारे १.३ टेराबाइट डेटा कोणीतरी कूटबद्ध करून टाकला. ई-हॉस्पिटल या प्रणालीतल्या नोंदी परत मिळाल्या, कारण एक बॅकअप सर्व्हर हल्ल्यातून सुटला होता. सरकारने हे संसदेत सांगितलं.

भाचा : नोंदी मिळाल्या, पण बहुतेक कामं सुरळीत व्हायला दोन आठवडे गेले. तोवर रुग्णांची नोंदणी कागदावर. तुझा यंत्राचा मुद्दा मला तिथे पटतो. डेटा सुखरूप असणं आणि रुग्णाला केसपेपर मिळणं यांत अंतर आहे.

आत्या : आणि कोरं, तपासलेलं यंत्रच वापरायचं हा तुझा मुद्दा मला तिथे पटतो. घाईने जुनंच उभं केलं असतं तर चोरासाठी दार पुन्हा उघडलं असतं.

भाचा : इमेजबद्दल अजून एक भीती आहे. ती चोरीला गेली तर अख्खा सर्व्हर गेला. पासवर्डांच्या नोंदी, सर्टिफिकेटच्या गुप्त किल्ल्या, सभासदांचे आधार क्रमांक, सगळं त्यात.

आत्या : म्हणून ती कूटबद्ध करूनच ठेवायची. आणि तिची किल्ली त्याच सर्व्हरवरच्या फाइलमध्ये ठेवायची नाही. सर्व्हर गेल्यावर किल्लीही गेली, तर आपणच आपल्याला बाहेर काढलं. किल्ली कागदावर, लिफाफ्यात, संस्थेच्या तिजोरीत.

भाचा : मग आता शेवटचा प्रश्न. मी असं म्हटलं की ज्या सर्व्हरला फक्त इमेजनेच वाचवता येतं, तो सर्व्हर कोणालाच कळलेला नाही, तर?

आत्या : तर मी हो म्हणेन. आणि त्याच्यापुढे एवढंच जोडेन, की तो समजून घ्यायची सर्वांत सुरक्षित जागाही ती इमेजच आहे. चालू सर्व्हरला हात लावून शिकता येत नाही, सभासद खिडकीपाशी उभे असतात. इमेज वेगळ्या आभासी यंत्रावर उघडायची, बाहेरच्या नेटवर्कपासून पूर्ण तोडून. हे तोडणं महत्त्वाचं, कारण जागा झालेला सर्व्हर स्वतःला खराच समजतो. जोडलेला राहिला तर सभासदांना कालचे एसएमएस पुन्हा पाठवील, नाहीतर खऱ्या सर्व्हरचाच आयपी पत्ता घेऊन बसेल. तोडल्यावर निवांत बघायचं. कोणत्या सेवा सुरू झाल्या, कोणत्या खात्याने, रात्री कोणती कामं ठरलेली आहेत, काय सापडत नाही म्हणून तक्रार करतंय. ते सगळं लिहायचं.

भाचा : आणि पुढच्या वेळी ते लिहिलेलं घेऊन कोऱ्या यंत्रापासून सुरुवात. जिथे अडेल तिथे कागदात उणीव आहे. इमेज शेजारी उघडी असतेच, ताडून बघायचं आणि कागद पुरा करायचा. दोन-तीन वेळा केलं की माझी स्क्रिप्ट तुझ्या सर्व्हरसाठीही लिहून होईल.

आत्या : तोवर मी इमेज घेत राहीन.

भाचा : स्क्रिप्ट झाल्यावरही घे. स्क्रिप्ट ज्या ठिकाणाहून सॉफ्टवेअर उतरवते ते ठिकाण उद्या बंद झालं, तर ती अर्ध्यातच थांबेल. पण एक अट माझी. सराव तू करायचा नाहीस आणि मीही नाही.

आत्या : मग कोणी?

भाचा : संस्थेतल्या अशा माणसाने, ज्याने हा सर्व्हर बसवलेला नाही. त्याच्या हाती कागद, पेन ड्राइव्ह आणि तिजोरीतला लिफाफा द्यायचा. आपण मागे उभं राहून फक्त घड्याळ बघायचं. आपल्याला विचारावं लागलेला प्रत्येक प्रश्न म्हणजे कागदातली राहिलेली एक ओळ. शेवटची नोंद काल संध्याकाळच्या पावतीशी जुळली आणि पासबुक छापून निघालं, तरच सराव पुरा झाला म्हणायचं. यंत्राचा पडदा उजळला एवढ्यावर समाधान मानायचं नाही.

आत्या : दर तिमाहीला एकदा, कामकाज संपल्यावर. लागलेला वेळ आणि अडलेल्या जागा संचालक मंडळाच्या सभेत वाचून दाखवायच्या, ताळेबंदासारख्याच. बॅकअपचं सॉफ्टवेअर रोज सकाळी हिरवी खूण दाखवतं. ती खूण इतकंच सांगते, की प्रत लिहून झाली. परत उभं राहता येईल हे सांगायचं असेल तर कोणीतरी उभं राहून दाखवलेलं असलं पाहिजे.

भाचा : आणि तसं दाखवेपर्यंत?

आत्या : तोपर्यंत सभासदांच्या ठेवी सुरक्षित आहेत असं म्हणायचा अधिकार आपल्याला नाही. मंडळाने विचारलं तर खरं उत्तर द्यायचं, की प्रती आहेत, सराव झालेला नाही. मग तारीख मागायची आणि मिळाल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही.